स्टार्ट घेत नाही

बंद पडलेल्या मोटारीचे दोन प्रकार असतात. किल्ली फिरवली तरी जिच्यातून हूं की चूं निघत नाही, ती पहिल्या प्रकारची. तिच्याविषयी फारसे दुःख होत नाही. बॅटरी उतरली आहे किंवा एखादी तार निसटली आहे हे कोणालाही उमगते, आणि चार माणसे गोळा करून तिला ढकलता येते. दुसऱ्या प्रकारची मोटार मात्र माणसाचा अंत पाहते. किल्ली फिरवताच तिचा सेल्फ उत्साहाने फिरू लागतो, त्याच्याबरोबर इंजिन फिरते, बोनेट थरथरते, आता पेटेल, आता पेटेल असे वाटत राहते. आणि किल्ली सोडली की सारे पूर्ववत् शांत. अशा वेळी आमच्याकडचे लोक ‘गाडी स्टार्ट घेत नाही’ असे म्हणतात. यातले ‘घेत नाही’ मला फार नेमके वाटते. तान्हे मूल दूध घेत नाही, आजारी माणूस अन्न घेत नाही, तशी ती घेत नाही. आपण देत असतो. कोठे अडते आहे हे मात्र कळत नाही.

गंमत अशी की, फिरणारा सेल्फ आणि न पडणारी ठिणगी या दोन्हींचा जनक एकच. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची पद्धत मोटारीत रूढ केली, आणि त्याच्याच विजेच्या सेल्फने १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून हँडल मारण्याचे कष्ट संपवायला सुरुवात केली. म्हणजे ही दोन सख्खी भावंडे. एक राबत राहते आणि दुसरे रुसून बसते.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावरून तयार होणारी ही गाडी आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी नावे बदलत आली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.चे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, हाताने ओढायचा चोक. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९८६ साली पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी ही एकच चैन केली. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी तिच्या पुढच्या कप्प्यात दोनशे पानी वही ठेवली. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, काय काम केले, कोणी केले, किती खर्च आला, असे रकाने त्यांनी पट्टीने आखले होते. आयुष्यभर मोजमाप-पुस्तकात कालव्यांचे घनमीटर लिहिलेला माणूस. पुस्तकात जे नाही ते झालेच नाही, हा त्यांच्या खात्याचा कायदा. मिस्त्रीकडे जाताना वही त्यांच्या काखेत असे, आणि मिस्त्रीने विचारण्याआधीच ते मागच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवीत. मला त्या वेळी या प्रकाराची थोडी लाज वाटे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे. दरवर्षी फळ्यावर वेटोळे काढायचे, त्याच्या शेजारी समांतर दोन रेघांचा कंडेन्सर काढायचा, आणि विद्युतप्रवाह एकाएकी तोडला की वेटोळ्यात केवढा दाब उत्पन्न होतो ते सूत्राने सिद्ध करायचे, हे माझे काम. उदाहरण म्हणून मी हटकून मोटारीच्या कॉइलचेच देत असे. बॅटरीच्या बारा व्होल्टांतून प्लगजवळ हजारो व्होल्ट कसे उभे राहतात हे ऐकून मुले चकित होत. वर्षानुवर्षे मुलांना चकित केल्याने शिक्षकाची अशी समजूत होते की ती वस्तू त्याच्या मालकीची आहे.

या समजुतीपोटीच ५ मे १९९१ च्या रविवारी सकाळी मी अंगणात बोनेट उघडले. गाडीला काहीही झाले नव्हते. नाना पेठेतल्या एका दुकानातून मी नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर आणला होता, मिस्त्रीने सांगितली असती त्याहून पुष्कळच कमी किमतीत. अण्णा स्टुलावर बसून मला पाने, पक्कड हातात देत होते. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला बाहेरून एका स्क्रूने बसवलेला, करंगळीच्या पेराएवढा तो पत्र्याचा नळकांडा मी काढला तेव्हा ते म्हणाले, “चांगला आहे तर काढतोस कशाला?”

“पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनं बदलतात, अण्णा,” मी म्हणालो. हे पुस्तकाप्रमाणे बरोबरच होते.

त्यांनी जुना कंडेन्सर फडक्याने पुसला आणि डिकीतल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. पुढचे दहा दिवस गावातल्या गावात ती निर्वेध चालली.

थोरले काका वाईला असत. अण्णांना त्यांनीच वाढवले, शिकवले. अण्णा त्यांना ‘दादा’ म्हणत आणि वयाची साठी उलटल्यावरही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. १६ मे रोजी सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला की दादांचे काही खरे नाही, शुद्धीवर आहेत, धाकट्याला बोलवा म्हणताहेत. दहाच्या सुमारास आम्ही दोघे निघालो. पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरांच्या आतबाहेर. त्या काळच्या रस्त्याने अडीच तास.

कात्रजचा घाट पार झाला, शिरवळ गेले. खंबाटकीच्या चढावर अर्ध्यात इंजिनाने दोनतीन आचके दिले आणि गाडी थांबली. मी ती कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले. किल्ली फिरवली. सेल्फ छान फिरला. इंजिन काही घेईना.

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती आपल्या देशात जेवढे निदान होते तेवढे मोठ्या इस्पितळातही होत नसेल. एक ट्रक थांबला; चालकाने खिडकीतूनच ‘पेट्रोल ओव्हर झालं, ॲक्सिलरेटर दाबून सेल्फ मारा’ असे सांगितले. स्कूटरवरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी प्लग काढून पुसायला लावले. बोरे विकणाऱ्या बाईने, देवाचे काही राहिले आहे का, असे अण्णांना विचारले. शेवटी आलेल्या एका जीपवाल्याने पेट्रोलच्या पंपाला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि निर्णय दिला: “उन्हानं पेट्रोलची वाफ झालीय पायपात. पंपावर ओलं फडकं टाका.”

हे मला एकदम पटले. पदार्थविज्ञानाला पटण्यासारखेच ते होते. मे महिन्याच्या उन्हात, चढावर, तापलेल्या इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा द्रव ओढू शकतो, वाफ नुसती दाबत राहतो. मी पिण्याच्या पाण्याने फडके भिजवले, पंपाला गुंडाळले, सुकले की पुन्हा भिजवले.

याच वेळी खालून वाईची एस.टी. वर आली. चढावर ती इतकी सावकाश येत होती की हात केला असता तर चालकाने नक्की थांबवली असती. अण्णा छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात उचलला. खांद्यापर्यंत उचलला, आणि माझ्याकडे पाहिले.

“आता होईलच चालू, अण्णा. पाच मिनिटं,” मी म्हणालो.

त्यांनी हात खाली घेतला. एस.टी. वळणाआड गेली.

पाच नव्हे, चाळीस मिनिटांनी गाडी चालू झाली. मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. घाट चढून उतरेपर्यंत मी अण्णांना वाफेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांविषयी सांगत होतो. सुरूरच्या फाट्याच्या अलीकडे इंजिनाने तसेच आचके दिले आणि गाडी पुन्हा थांबली. मी पुन्हा फडके भिजवले. या वेळी एक तास चाळीस मिनिटे लागली. मधल्या वेळात एकही एस.टी. आली नाही.

आज मागे वळून पाहताना त्या ओल्या फडक्याचा मला जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही. फडक्याने गाडी चालू झाली असे मला वाटले. प्रत्यक्षात फडके सुकायला जो वेळ लागत होता त्याने चालू झाली. तेवढ्या वेळात दुसरेच काहीतरी निवत होते. चुकीच्या औषधाने रोगी बरा झालेला दिसला की खऱ्या रोगाचा शोध तेथेच थांबतो, आणि वैद्याला वर श्रेय मिळते. मी तर वैद्यही होतो आणि श्रेय घेणाराही.

आम्ही वाईला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. काकूंनी सांगितले की दीड वाजेपर्यंत दादा चांगले बोलत होते, ‘धाकटा आला का’ असे दोनदा विचारले. त्यानंतर त्यांची शुद्ध गेली. ते दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत होते. अण्णा रात्रभर त्यांचा हात धरून जमिनीवर बसले होते. दादांनी डोळे उघडले नाहीत.

दिवसकार्य होईपर्यंत अण्णा वाईलाच राहिले. मी पहाटेच्या गारव्यात गाडी परत आणली. ती कोठेही थांबली नाही. २ जूनच्या रविवारी आम्ही दोघे मिस्त्रीकडे गेलो.

या मिस्त्रींचे गॅरेज म्हणजे एका जुन्या वाड्याचे पुढचे अंगण. चिंचेचे झाड, त्याला टांगलेली साखळी, पिंपात काळे तेल. मिस्त्री पन्नाशीचे, बोलायला थंड. त्यांचा हात बोनेटकडे जाण्याआधी त्यांची जीभ हलत असे. ते आधी सगळे विचारून घेत. कुठे बंद पडली, चढावर की सपाटीवर, आधी आचके दिले की झटक्यात गेली, गरम असताना की गार, थांबल्यावर किती वेळाने चालू झाली. मी घाटातली सारी हकिकत सांगितली आणि वाफेचा सिद्धान्तही जोडून दिला. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “बरं. माझ्याकडं मागं आली होती त्यानंतर हिला कुणी हात लावलाय का? काय बदललंय?”

मी म्हणालो, “नाही. काहीच नाही.”

का म्हणालो हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. त्यांच्या दुकानातून माल न घेता स्वस्तातला आणला याची लाज होती. प्राध्यापकाने मिस्त्रीसमोर चूक कबूल करण्याची होती. आणि या दोन्हींच्या तळाशी, त्या घाटातल्या दोन अडीच तासांशी माझा काही संबंध आहे अशी शंका मनात शिरत होती, तिला तेथेच दाबून टाकण्याची घाई होती. अण्णा बाजूच्या लाकडी बाकावर बसले होते. तो सुटलेला स्क्रू अंगणाच्या फटीतून त्यांनीच मला शोधून दिला होता. ते काही बोलले नाहीत.

गार असताना गाडी उत्तम चालत होती. मिस्त्री म्हणाले, “आधी तिला आजारी पडू द्या, मग बघू. बरं असताना नाडी बघून काय उपयोग?” त्यांनी ती उन्हात लावली, बोनेट मिटले आणि इंजिन तसेच चालू ठेवून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. पाऊण तासाने इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडले.

आता ते आले. हाताखालचा मुलगा, असेल सोळा-सतरा वर्षांचा, किल्लीवर बसला.

“मार सेल्फ.”

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. “ऐका, सर. चारी ठोके सारखे पडताहेत. एखादा सिलिंडर बसला असता तर मधेच पळाल्यासारखा आवाज आला असता. टायमिंगची साखळी तुटली असती तर सगळंच हलकं फिरलं असतं, शिलाईच्या मशीनसारखं. म्हणजे पोटात दुखत नाही. वरवरचं आहे.”

इंजिनाला पेटायला तीन गोष्टी लागतात हे मलाही ठाऊक होते: हवेत मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणावर दाब, आणि योग्य क्षणी ठिणगी. ठाऊक असणे आणि त्या क्रमाने विचारणे यांत केवढे अंतर आहे हे मी त्या दिवशी पाहिले. मी घाटात प्लग पुसले, फडके टाकले, ॲक्सिलरेटर दाबला. तीन प्रश्न एका दमात विचारले आणि उत्तर आले तेव्हा ते कोणत्या प्रश्नाचे हे मला कळण्याची सोय उरली नाही. मिस्त्री एका वेळी एकच प्रश्न विचारीत, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावीत नसत.

त्यांनी हवेच्या गाळणीचे झाकण काढले, कार्ब्युरेटरच्या घशात पाहत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली. आत पेट्रोलची बारीक धार उडाली. “पेट्रोल आहे.”

“पण घाटात वाफ —” मी म्हणालो.

“असंल. आत्ता नाही. आणि आत्ताही ती बंदच आहे की.” या एका वाक्याने माझा सिद्धान्त संपला.

मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून मधली जाड तार उपसली, रबरी मुठीच्या पकडीत धरली आणि तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून बोटाच्या नखाएवढ्या अंतरावर आणले. “मार.” सेल्फ फिरला. टोकाशी एक ठिणगी दिसली, न दिसल्यासारखी. पिवळसर, केसासारखी बारीक. एक पडे, दोन चुकत. “हे बघा. ही निळी पाहिजे. आवाज पाहिजे तिचा, चट् चट्. या करंटवर बिडीसुद्धा पेटायची नाही.” टेस्टलॅम्प लावून कॉइलपर्यंत बॅटरीची वीज नीट येत असल्याची त्यांनी खात्री केली. मग टोपण काढले.

पॉइंट काळेठिक्कर पडले होते.

मिस्त्रींचा चेहरा बदलला. दोन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये पॉइंटचे काम त्या मुलाने केले होते, त्याच्या हाताखाली तयार होताना प्रथमच. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली असते. ती पात्याने मोजून ठेवावी लागते. कमी राहिली की पॉइंट जळतात. मिस्त्रींनी त्या मुलाला चार शब्द ऐकवले. आवाज न चढवता, पण आम्हां सगळ्यांसमोर. “तुला पातं कशाला दिलंय? दात कोरायला?” मुलगा किल्लीवर हात ठेवून खाली पाहत राहिला. त्याने बसवलेले पॉइंट मीच काढून टाकले होते. जे जळले ते माझे होते. मी हे जाणत होतो आणि उभा होतो.

मिस्त्रींनी आपल्याजवळचे नवे पॉइंट बसवले, फट मोजली. गाडी घेईना. कॉइल तापून बसली असेल म्हणून दुसऱ्या गाडीची कॉइल काढून जोडली. घेईना. रोटर उन्हाकडे धरून त्याला केसाएवढी चीर तर नाही ना हे पाहिले. नव्हती. यात दुपार झाली. ज्याच्यावर प्रथम संशय घ्यायचा त्याच्यावर ते घेत नव्हते, आणि याचे कारण अगदी सरळ होते. कंडेन्सर त्यांनी स्वतः वर्षापूर्वी चांगल्या कंपनीचा पाहून बसवला होता, आणि नंतर कोणी हात लावला नाही असे गाडीच्या मालकाने सांगितले होते. जे माहीत आहे ते सोडून जे माहीत नाही तेथे शोधायचे, ही त्यांची रीत. त्यांच्या ‘माहीत आहे’च्या खान्यात मी एक खोटी वस्तू ठेवून दिली होती.

अखेरीस त्यांनी टोपण पुन्हा काढले, किल्ली चालू ठेवायला सांगितली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट हाताने उघडून पाहिले. दर उघडण्याला पॉइंटमध्येच लखलखीत ठिणगी उडाली. “हां. करंट हितंच खातंय.” मग ते डिस्ट्रिब्युटरच्या अंगाकडे वळले आणि त्या नळकांड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली नवा कोरा पत्रा चमकला.

ते काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

“हा माझा नाही,” ते म्हणाले. कोणालाही उद्देशून नव्हे. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “जुना ठेवलाय का?”

मी डिकी उघडली, बिस्किटांच्या डब्यातून जुना कंडेन्सर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. माझी कबुली ती एवढीच. एक स्क्रू, एक तार. दोन मिनिटांचे काम. त्यांनी जाड तार धरली, मुलाला खूण केली. या वेळी ठिणगी निळी पडली आणि तिचा आवाज बाकावर बसलेल्या अण्णांपर्यंत गेला. गाडी तापलेलीच होती. अर्ध्या किल्लीत चालू झाली.

मिस्त्रींनी पॉइंटचे पैसे घेतले. दुपारभराच्या मजुरीचे घेतले नाहीत, चहा मात्र मागवला. त्या मुलालाही दिला. त्याला ते काही म्हणाले नाहीत; मीही म्हणालो नाही. त्याने कप घेतला आणि तो झाडामागे जाऊन प्याला. मला त्याला एक वाक्य सांगायचे होते. ते पुढच्या खेपेला सांगू असे मी ठरवले, आणि पुढच्या खेपेला तो तेथे नव्हता.

परतताना मी अण्णांना कंडेन्सरचे काम समजावून सांगितले. पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो. तो फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटात घेतो, म्हणून प्रवाह एकदम तुटतो, आणि एकदम तुटला तरच पलीकडे मोठी ठिणगी पडते. हा स्वस्तातला कंडेन्सर तापला की आतून सुटत होता आणि गार झाला की पुन्हा जुळत होता. अण्णा ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे गेट झटकन पडत नव्हतं. हळूहळू पडत होतं.” पाटबंधाऱ्याच्या भाषेत ते अगदी बिनचूक होते. याहून अधिक ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. दादांचा, एस.टी.चा, उचललेल्या हाताचा उल्लेख आमच्यात कधी झाला नाही.

१९९९ साली आम्ही ती गाडी विकली. थोड्याच काळात पद्मिनीचे उत्पादनही थांबले. प्रदूषणाचे निकष कडक झाले तसे नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेले. पॉइंट आणि कंडेन्सर त्याआधीच चालले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले. आजच्या गाडीत ठिणगी केव्हा पाडायची हे संगणक ठरवतो. इंजिनाचा दंड कोणत्या क्षणी कोठे आहे हे त्याला एक लहानसा सेन्सर सांगतो, आणि तोही कधी कधी तापला की गप्प बसतो, गार झाला की बोलू लागतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीची गाडी अशीच भर उन्हात स्टार्ट घेईना. तंत्रज्ञाने स्कॅनर जोडला. पडद्यावर एकही दोष उमटला नाही. त्या तरुणाने स्कॅनर बाजूला ठेवला आणि तिला विचारले, “मॅडम, मध्ये बाहेर कुठे काही काम केलंय का?” मी गॅलरीत उभा होतो. मला आत जावेसे वाटले.

अण्णा २००६ साली गेले. त्यांच्या कपाटात कालव्यांच्या जुन्या नकाशांखाली ती वही सापडली. गाडी विकताना त्यांनी ती कप्प्यातून काढून घेतली असणार. मी १९९१ चे पान काढले. ५ मेच्या नोंदीत ‘पॉइंट, कंडेन्सर नवे’ असे होते, आणि ‘कोणी केले’ या रकान्यात ‘चि. ने, घरीच’. म्हणजे २ जूनला मिस्त्रींनी प्रश्न विचारला तेव्हा त्याचे उत्तर दहा पावलांवर, गाडीच्या कप्प्यात होते. ज्या माणसाने वही काखेत घेतल्याशिवाय त्या अंगणात कधी पाऊल टाकले नव्हते, त्याने त्या दिवशी ती गाडीतच राहू दिली होती. २ जूनची नोंद अशी: ‘जुना कंडेन्सर परत बसवला. पॉइंट नवे. मजुरी घेतली नाही.’

या दोन नोंदींच्या मध्ये १६ मे होता. किलोमीटर, पेट्रोल, ‘खंबाटकी १ तास, सुरूर १ ता. ४० मि.’ आणि त्यापुढे ‘कारण’ हा शब्द लिहून केलेली आडवी रेघ. रेघेपुढची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. शाई तीच, अक्षर तेच. कारण कळल्यानंतर ते पंधरा वर्षे जगले. ती जागा त्यांनी भरली नव्हती.